अशोका गार्डन ते सांची, व्हाया ट्वेंटी-फॉर्टी

भोपाळ स्टेशनच्या पूर्वेला अशोका गार्डन नावाची वस्ती आहे. नाव ऐकून सम्राट अशोक आणि त्याची बाग असे जे काही चित्र मनात उभे राहते, ते एटी फीट रोडवर पोचेपर्यंत रिक्षांच्या हॉर्नमध्ये विरून जाते. खऱ्या अशोकाला भेटायचे तर प्रभात चौराह्यावरून रायसेन रोडला लागावे, आनंदनगर, बिलखिरिया मागे टाकत पंचेचाळीस किलोमीटरवरचे रायसेन गाठावे आणि तिथून उत्तरेला वळून सांचीला जावे. येताना विदिशा रोडने सलामतपूर, दीवानगंज करत भोपाळात परत. सगळा फेरा सव्वाशे किलोमीटरच्या आतला. वाटेत चहा आहे, पोहे-जिलबी आहे, पेट्रोल आहे. मोटरसायकलवर निघालेल्या मराठी माणसाने काळजी करावी असे या रस्त्यावर काहीच नाही. आणि काळजी करायला काही नसले की आपला माणूस ऑइलची काळजी करतो.

ही काळजी खरे तर घरूनच निघालेली असते. पुण्याहून भोपाळ आठशे किलोमीटरच्या आसपास. हवेवर थंड होणारे एका सिलिंडरचे इंजिन इतके अंतर दामटले की थोडेफार ऑइल पिते. भोपाळात पोचल्यावर डिपस्टिक पुसून पाहिली तर ऑइल खालच्या खुणेशी आलेले असू शकते. त्यात भिण्यासारखे काही नाही, फक्त वर थोडे घालायचे. पण ‘शहर सोडलं की आपल्या गाडीचं ऑइल मिळत नाही हो’ हे वाक्य आपल्याकडे मोटरसायकलीच्या चावीबरोबरच हातात ठेवतात. म्हणून स्वार दोन लिटर परदेशी ऑइल बरोबर घेतो, ते प्लॅस्टिकच्या पिशवीत, ती टॉवेलात, टॉवेल सॅडलबॅगेत. आणि सेंधव्याच्या घाटापर्यंत त्यातले थोडे तरी भाकरवडीच्या पाकिटापर्यंत पोचलेले असते. माझे म्हणणे असे, की हा सगळा उपद्व्याप एका चुकीच्या समजावर उभा आहे. रायसेन रोडवरच्या कुठल्याही बऱ्यापैकी गावात तुमच्या गाडीला चालेल असे ऑइल मिळते. मिळत नाही ते तुमच्या डोक्यातल्या बाटलीचे चित्र.

मराठी माणूस भोपाळच्या रस्त्याला लागला की बाजीराव येणारच, तेव्हा तो इथेच उरकून घेऊ. १७३७ च्या डिसेंबरात निजाम याच भोपाळात अडकला. त्याच्याजवळ तोफखाना होता, बाजारबुणगे होते, सामानसुमान होते आणि हे सगळे घेऊन तो जागचा हलू शकत नव्हता. बाजीरावाने त्याची रसद तोडली आणि जानेवारी १७३८ मध्ये दोराह्याला तह झाला, त्यात माळवा मराठ्यांच्या पदरात पडला. मराठी घोडदळाची सगळी मातब्बरी ही, की घोड्याचा चारा वाटेतल्या मुलखात मिळेल या हिशेबानेच ते घर सोडत असे. नगरहून गवताच्या पेंढ्या बांधून नेल्या असत्या तर नर्मदाही ओलांडली नसती. आज त्याच माळव्यात मराठी स्वार दोन लिटर ऑइल घरून घेऊन शिरतो, तेव्हा तो बाजीरावाचे नाव घेत निजामाची मोहीम काढत असतो. गाडीवरचा भगवा झेंडा या बाबतीत फार उपयोगी पडत नाही.

आता पुरावा. शहरात मोटरसायकल ही पुष्कळांची हौस असते, खेड्यात ती बैलजोडीच्या जागी आलेली आहे. २०२३-२४ या वर्षात देशात सुमारे एक कोटी ऐंशी लाख दुचाकी विकल्या गेल्या, आणि त्यात एकट्या स्प्लेंडरचा आकडा महिन्याला अडीच-तीन लाखांच्या घरात होता. १९८५ साली हिरो होंडाची सीडी-१०० आली आणि १९९४ मध्ये स्प्लेंडर; तेव्हापासून मध्य प्रदेशातल्या खेड्यांना चार-स्ट्रोक इंजिनाची सवय आहे. रायसेनकडून सकाळी भोपाळात येणारा दूधवाला पाहा. दोन्ही बाजूंना कॅन, मागे एक आडवा कॅन, वर तो स्वतः. तो दिवसाला साठ किलोमीटर फिरतो असे धरले तरी महिन्याचे अठराशे झाले, वर्षाचे वीस हजारांच्या पुढे. पाच-सहा हजारांना ऑइल बदलायचे म्हटले तरी वर्षातून तीन-चारदा बाटली लागते, आणि ओझे, धूळ, चिखल यांमुळे शहाणा मेकॅनिक त्याला त्याआधीच बोलावतो. शहरातली दीड-दोन लाखांची गाडी वर्षातून बावन्न रविवारांपैकी पाऊस, लग्ने आणि बायकोची नापसंती वजा जाता जितकी चालते, तितकी ही दूधगाडी दोन महिन्यांत चालते. म्हणजे ऑइलचे खरे गिऱ्हाईक खेड्यात राहते. जिथे गिऱ्हाईक तिथे माल, हा व्यापाराचा नियम बिलखिरियाला लागू नसावा असे समजण्याचे काही कारण नाही. उलट ज्या महागड्या बाटलीसाठी आपण जीव टाकतो ती शहरातल्या काचेच्या कपाटात महिनोन्‌महिने धूळ खाते, आणि गावातली बाटली मागच्या आठवड्यात आलेली असते.

ते दुकान एकदा जवळून पाहण्यासारखे असते. रुंदी एका शटरची. वरच्या दांडीला क्लचच्या केबली आणि ट्यूब लटकतात, खाली युरियाच्या रिकाम्या गोणीवर पाने पसरलेले, त्यात चौदा-सतराचा रिंग पाना सगळ्यांत गुळगुळीत झालेला, कारण ऑइलचा बोल्ट त्यानेच खोलतात. फळीवर कॅस्ट्रॉल ॲक्टिव्ह, सर्व्हो, मॅक, एचपी रेसर, गल्फ अशा बाटल्या. काही आठशे मिलीच्या, काही नऊशेच्या, काही लिटरच्या. ऑइल ओतायचे नरसाळे म्हणून एक जुनी बाटली अर्ध्यातून तिरकी कापलेली. इथे आपला स्वार येतो आणि गाडीचे नाव, सीसी, मॉडेलचे साल, बीएस-सहा आहे की नाही, मागच्या सर्व्हिसची तारीख आणि इंटरनेटच्या मंचांवर वाचलेली मते अशी सगळी कुंडली मांडतो. दुकानदार शेवटपर्यंत ऐकून घेतो आणि विचारतो, ‘गाड़ी में डालना है ना, भाईसाब? यही डलता है.’ स्वाराला हा अपमान वाटतो. वास्तविक दहातल्या नऊ गाड्यांच्या बाबतीत दुकानदार बरोबर असतो. फक्त तो का बरोबर आहे हे त्याला सांगता येत नाही, आणि स्वाराला ते बाटलीच्या मागच्या बाजूला वाचायचे सुचत नाही. पुढच्या बाजूला उडती मोटरसायकल, ज्वाळा आणि नट असतात. इंजिनाशी संबंधित मजकूर मागे, बारीक अक्षरांत, तीन ओळींत असतो: एसएई, एपीआय आणि जासो. या तीन ओळी वाचायला चष्मा लागतो, कंपनीचा फोन नंबर लागत नाही.

पहिली ओळ पातळ-घट्टपणाची. पुस्तिकेत लिहिले आहे टेन डब्ल्यू थर्टी, दुकानात आहे ट्वेंटी डब्ल्यू फॉर्टी. इथे निम्मे स्वार खचतात. डब्ल्यूच्या आधीचा आकडा गारठ्यातल्या वागणुकीचा असतो. ट्वेंटी डब्ल्यू ऑइलची थंडीतली चाचणी उणे १५ अंशांना होते, टेन डब्ल्यूची उणे २५ ला. या दोन आकड्यांमधला फरक पूर्णपणे अनुभवायचा तर रायसेन जिल्हा उचलून लडाखात न्यावा लागेल. भोपाळच्या जानेवारीतल्या पहाटे पारा आठ-दहापर्यंत उतरतो, क्वचित त्याखाली. तेव्हा घट्ट ऑइलाने पहिल्या मिनिटाला इंजिन थोडे जड वाटेल, एवढेच. डब्ल्यूच्या नंतरचा आकडा १०० अंश सेल्सियसला ऑइल किती घट्ट राहते याचा. तीसच्या वर्गाची हद्द साधारण साडेबारा सेंटिस्टोकला संपते आणि चाळिसाची तिथूनच सुरू होते. दोघे शेजारी आहेत, मधे कुंपणसुद्धा एकच. मे महिन्यात चाळिशीच्या वरच्या उन्हात, मागे माणूस बसवून, ट्रकच्या मागे तिसऱ्या गिअरमध्ये रेंगाळणाऱ्या इंजिनाला चाळीसचे ऑइल मुळीच अपकारक नाही. यावर खेड्यातूनच एक आक्षेप येतो आणि तो पुण्याच्या आक्षेपांपेक्षा वजनदार आहे: घट्ट ऑइलाने ॲव्हरेज पडते. पडते, थोडे. कंपन्यांनी तीसकडे वळण्यामागे मायलेज हे मोठे कारण आहेच. म्हणून रोजच्या गाडीला पुस्तिकेतलाच आकडा घालावा आणि दूधवाला तोच घालतो. पण सांचीला जाऊन यायला लागणाऱ्या दोन-तीन लिटर पेट्रोलमध्ये या फरकाने जे जाईल, त्यात अर्धा कप चहासुद्धा येणार नाही.

दुसऱ्या ओळीत एपीआयची अक्षरे. एसजे १९९६ ची, एसएल २००१ ची, एसएम २००४ ची, एसएन २०१० ची, एसपी २०२० ची. पुढचे अक्षर मागच्याहून नवे, इतके लक्षात ठेवले की पुरे. पुस्तिकेत एसएल असेल आणि बाटलीवर एसएन असेल तर दुकानदाराने आपल्याला फसवले नसून बढती दिली आहे. दोन कंपन्यांची ऑइले एकमेकांत मिसळली तर फाटतील, ही भीतीही इथेच सोडून द्यावी. एपीआयचा परवाना असलेल्या ऑइलाला दुसऱ्या ऑइलात मिसळून न फाटण्याची चाचणी द्यावी लागते. ऑइल म्हणजे दूध नव्हे, आणि दूधवाल्यालाही हे माहीत असते.

खरी मेख तिसऱ्या ओळीत आहे, आणि आपले स्वार नेमकी तीच वाचत नाहीत. मोटारीत इंजिनाचे ऑइल इंजिनापुरते असते. क्लच कोरडा, गिअरबॉक्सचे ऑइल वेगळे. आजच्या बहुतेक मोटरसायकलींमध्ये इंजिन, गिअर आणि क्लच एकाच ऑइलात आंघोळ करतात. मोटारीची ऑइले मायलेजसाठी निसरडी करत नेली तशा मोटरसायकलींच्या क्लचप्लेटा त्यात घसरू लागल्या, आणि म्हणून १९९८ मध्ये जपानी लोकांनी जासो टी ९०३ हे मानक काढले. त्यात एमए म्हणजे ओल्या क्लचला चालणारे, पुढे त्याचेच एमए१ आणि एमए२ असे पोटभेद झाले, आणि एमबी म्हणजे निसरडे, गिअर नसलेल्या स्कूटरींसाठी, कारण त्यांचा क्लच ऑइलात नसतो. गावात आता स्कूटरीही घरोघर आल्या आहेत, त्यामुळे फळीवर एमए आणि एमबी खांद्याला खांदा लावून उभ्या असतात आणि दोघींवर फोर-टी, म्हणजे चार-स्ट्रोक, लिहिलेले असते. रायसेन रोडवरचा पहिला खरा धोका असेल तर तो हा. दुसरा धोका, गावच्या सरपंचाच्या मोटारीसाठी आणलेल्या पातळ ऑइलाचा. त्यावर मागे ‘रिसोर्स कन्झर्व्हिंग’ असे छापलेले असले की ती बाटली आदराने परत ठेवावी. चूक झाली तर इंजिन लगेच बंद पडत नाही, हे त्यातले वाईट. चढावर ॲक्सिलरेटर पिळला की आवाज वाढतो आणि गाडी मात्र आहे तिथेच. स्वार मग रस्त्याला शिव्या घालतो, नंतर पेट्रोलला, आणि ऑइल तर चांगले महागाचे घातलेले असल्यामुळे त्याच्यावर संशय घेत नाही.

इथे गावातला कोणीतरी जाणता पुढे होतो आणि म्हणतो, ट्रॅक्टरचे घाला की, काही होत नाही. पुण्याचा स्वार यावर जो चेहरा करतो तो पाहण्यासारखा असतो, पण मुद्दा हसण्यावारी नेण्याइतका पोकळ नाही. अमेरिकेत शेल रोटेला टी-सिक्स हे डिझेल ट्रकसाठी विकले जाणारे ऑइल मोटरसायकलवाले वर्षानुवर्षे आवडीने घालतात, आणि त्याच्या डब्यावर कंपनीच जासो एमए, एमए२ छापते. म्हणजे ट्रकचे ऑइल मोटरसायकलीला वर्ज्य आहे असा शास्त्रार्थ नाही. त्याने परीक्षा दिली आहे का, इतकाच प्रश्न. सांचीला पोचल्यावर यासाठी एक साक्षीदार मिळतो. तिथल्या मोठ्या स्तूपाच्या दक्षिण तोरणावर सातवाहन राजा सातकर्णी याच्या कारागिरांचा मुकादम आनंद याचा लेख आहे. सातवाहन म्हणजे पैठणवाले, आपल्याच बाजूचे. आणि त्याच तोरणावर दुसरा एक लेख सांगतो, की कोरीवकाम विदिशेच्या हस्तिदंत कोरणाऱ्यांनी केले. विदिशा तिथून दहा किलोमीटरवर. दोन हजार वर्षांपूर्वी जवळच्या गावात दगडाचे काम द्यायचे तर हस्तिदंतवाले मिळाले, त्यांचा हात पाहिला आणि काम दिले. ‘आमच्या पैठणचाच पाथरवट हवा’ असा हट्ट कोणी धरलेला दिसत नाही. काम कसे झाले ते पाहायला आजही जगभरातून माणसे येतात. आता या न्यायाने फळीवरचा फिफ्टीन डब्ल्यू फॉर्टी, सीआय-फोरचा डिझेल डबा उचलावा का? त्यावर जासो नसेल तर इंजिन भरून घालू नये. काजळी धरून ठेवण्यासाठी डिझेलच्या ऑइलात राख करणारी द्रव्ये जास्त असतात, आणि जासोने मोटरसायकलीसाठी राखेची मर्यादा १.२ टक्के घातली आहे. ऑइल जाळणाऱ्या गाडीच्या सायलेन्सरमधल्या कॅटॅलिस्टला जादा राख मानवत नाही. पण पातळी खालच्या खुणेच्या खाली गेली आहे, रात्र झाली आहे आणि पुढचे गाव दूर आहे, तर पाव लिटर डिझेल ऑइल हे कोरड्या इंजिनापेक्षा कितीतरी पटीने बरे. मात्र ट्रॅक्टरवाल्याकडे दोन डबे असतात हे विसरू नये. दुसरा हायड्रॉलिकचा आणि ओल्या ब्रेकचा. त्याने नांगर उचलला जातो. पिस्टनाशी त्याचा काही संबंध नाही, आणि दोन्ही डबे बहुधा सारखेच मळलेले असतात.

सगळ्यांत मोठा आक्षेप नकली मालाचा, आणि तो मी उडवून लावणार नाही. नकली ऑइल असते. गाड्यांतून काढलेले काळे ऑइल गाळायचे, रंग आणायचा, भंगारातून चांगल्या कंपनीच्या रिकाम्या बाटल्या घ्यायच्या आणि वर नवे झाकण. वापरलेल्या ऑइलाने कुठे जावे याचे नियम आहेत, १ एप्रिल २०२४ पासून ते गोळा करून शुद्ध करवून घेण्याची जबाबदारी ऑइल बनवणाऱ्या आणि आणणाऱ्या कंपन्यांवरही टाकलेली आहे; पण गावात ते अजून सेंट्रिंगच्या फळ्यांना आणि वाळवी लागलेल्या वाशांना लावतात, आणि उरलेले कोणाच्या हाती जाते ते कोणी विचारत नाही. इतके मान्य केले तरी यातून ‘गावात घेऊ नये’ हा निष्कर्ष कसा निघतो ते मला कळत नाही. नकलाकाराच्या बाजूने विचार करून पाहा. तो बाटली कोणती निवडेल? जिच्यावर नफा जास्त, जिच्या नावासाठी माणूस मागचा मजकूर न वाचता पैसे मोजतो, ती. म्हणजे आपला स्वार गावोगाव विचारत फिरतो, नेमकी तीच. आणि तो ती विकेल कोणाला? जो पुन्हा दिसणार नाही त्याला. गावचा दुकानदार दूधवाल्याला खोटे ऑइल देऊ शकत नाही; दिले तर तो दूधवाला, त्याचा मेहुणा आणि त्याच्या मेहुण्याच्या गावातले सगळे उद्या सकाळी शटर उघडायच्या आधी दारात उभे राहतील. महामार्गावरून जाणाऱ्या परक्या स्वाराला ही सोय नाही. तेव्हा सुरक्षित मार्ग एकच: दूधवाला जिथून घेतो तिथून, तो घेतो तीच बाटली घ्यावी. कोणी म्हणेल, परका पाहून दुकानदार आतली वेगळी बाटली काढेल. काढू दे, आपण फोडलेल्या खोक्यातली, ज्यातल्या शेजारच्या दोन गेलेल्या आहेत, तिच्याकडे बोट दाखवावे. झाकणाखालचे सील अखंड हवे, बॅचचा नंबर आणि तारीख पुसट नको, आणि छापील किमतीपेक्षा फारच स्वस्त मिळत असेल तर दुकानदाराच्या दानशूरपणाबद्दल त्याचे आभार मानून निघावे. इतकेही धाडस नसेल त्याच्यासाठी सरकारी कंपन्यांचे पंप आहेत. इंडियन ऑइलची किसान सेवा केंद्रे आणि हिंदुस्तान पेट्रोलियमचे ‘हमारा पंप’ ही खास खेड्यांसाठी काढलेली मांडणी आहे, आणि तिथल्या कपाटात त्यांचेच सर्व्हो किंवा रेसर असते. इंडियन ऑइल १९७२ पासून सर्व्हो विकते. या मुलखात त्याला कोणी कमअस्सल समजत नाही. कपाटाची किल्ली मात्र ज्याच्याकडे असते तो जेवायला गेलेला असतो. हा दोष ऑइलाचा धरू नये.

महागड्या, जोरकस इंजिनांच्या मालकांना यातले काही पटणार नाही, आणि ते थोडे बरोबर आहेत. पुस्तिकेत पूर्ण सिंथेटिक फिफ्टीन डब्ल्यू फिफ्टी लिहिले असेल आणि गाडी पाण्याने थंड होणारी, आठ-नऊ हजार आरपीएमवर पळणारी असेल, तर तिने गावातल्या फळीवर विसंबू नये. एक लिटर बरोबर घ्यावे, दोन नव्हे. जुन्या ओतीव लोखंडी बुलेटवाल्यांची स्थिती तर याच्या उलट. तिच्या गिअरबॉक्सचे ऑइल वेगळे, इंजिनाचे वेगळे, त्यामुळे क्लचची ही सगळी भानगड तिला निम्मीच लागू आहे, आणि तिच्याइतके सहनशील इंजिन ज्याच्याकडे आहे त्याने ऑइलबद्दल तक्रार करणे शोभत नाही. टू-स्ट्रोकवाल्यांची मला खरोखर कीव येते. एके काळी पंपावर पेट्रोलमध्ये टू-टी ऑइल मापून घालून मिळत असे; आता आरएक्स-१०० सांभाळणाऱ्याने टू-टी मागितले तर तरुण पोरगा पंपाच्या मॅनेजरला बोलावतो. पण ती गाडी घेऊन सांचीला निघणाऱ्याचे हेतू व्यवहाराच्या पलीकडचे असतात.

चेनचेही एवीतेवी सांगून टाकतो, कारण बॅगेत ऑइलाखाली एक परदेशी फवाऱ्याचा डबाही असतो. आपल्याकडच्या कित्येक मोटरसायकलींच्या पुस्तिकांत चेनला एसएई नव्वदचे गिअर ऑइल लावा असे सरळ लिहिलेले आहे. नव्वद नंबर जिथे ट्रॅक्टर आहे तिथे आहे, म्हणजे रायसेन जिल्ह्यात सर्वत्र आहे. ओ-रिंगची चेन पेट्रोलने धुवू नये, रबर खराब होते. रॉकेलचा बोळा आणि मऊ ब्रश पुरतो. मग आतल्या बाजूने, चाक हाताने फिरवत, थेंब थेंब. गावातला पोरगा उत्साहाने अर्धी वाटी ओततो आणि सांचीपर्यंत तिचा निम्मा भाग मागे बसलेल्याच्या पँटवर पोचतो, ही तक्रार खरी आहे. पण ती ऑइलच्या जातीबद्दल नाही, मापाबद्दल आहे. दूधवाल्याला यातले काही विचारू नये. त्याच्या गाडीची चेन पत्र्याच्या डब्यात बंद असते, आणि चेनला रोज कोणी काही लावते हे ऐकून त्याला तुमच्या घरच्यांची काळजी वाटू लागते.

ऑइल घातल्यावर शेवटचा वाद उरलेल्या ऑइलाचा. बाटली नऊशे मिलीची, इंजिनात गेले साडेआठशे. तळाशी पन्नास मिली. स्वाराला ते हवे असते, कारण त्याने पूर्ण बाटलीचे पैसे दिलेले असतात. पण उघडलेली बाटली बॅगेत नेली की काय होते याचा पुरावा भाकरवडीच्या पाकिटात आहे. मेकॅनिकला ते शटरच्या खाचेसाठी आणि पुढच्या गिऱ्हाइकाच्या स्टँडसाठी हवे असते आणि त्याच्या मते हा त्याचा हक्कच आहे. हक्क मान्य करावा. बाटली मात्र तशीच मागे ठेवू नये. भंगारवाल्याच्या हाती अखंड बाटली गेली की ती पुन्हा भरून कुठल्या तरी फळीवर उभी राहते. तेव्हा ती आपल्या डोळ्यांदेखत कापून घ्यावी. पुण्याचा स्वार खिशातला बहुउद्देशीय चाकू काढतो आणि बरोबर मधोमध, आडवी कापू लागतो, तेव्हा मेकॅनिक घाईघाईने त्याचा हात धरतो: ‘अरे भाईसाब, सीधी मत काटो, तिरछी काटो. कुप्पी बन जाएगी.’